स्ट्रॅकनचं डोकं थंड करायचे बारा दिवस

२३ जून १९७५, सोमवार
नाही, किटली मी फोडली नाही. ती भिंतीवर गेली. भिंत दगडी आहे. आमच्या गावात सगळ्याच भिंती दगडी, त्याला मी काय करू?

मुद्दा वेगळाच आहे. गोल्फ क्लबच्या सेक्रेटरीने मला खेळाडू गेविन स्ट्रॅकनची बॅग वाहायला दिली. याआधीचे बॅग वाहणारे चार कॅडी पळाले. एकाच्या कपाळाला टाके. स्ट्रॅकन चेंडू मारतो तो खून केल्यासारखा आणि चुकला की हातातली काठी, म्हणजे क्लबच, मोडतो. सेक्रेटरी म्हणाला, टॅम, याला शांत माणूसच हवा. बरोबर माणूस निवडला.

चार आणि पाच जुलैला ओपन या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी आमच्याच मैदानावर आहे. स्ट्रॅकन निघाला तर त्याची बॅग घेऊन मी ओपनला जाणार. एक्केचाळीस वर्षं लोकांच्या बॅगा वाहिल्या, ओपनची एकदाही नाही. आता अडुसष्ट झालो. पुढच्या वर्षी गुडघे येतील का नाही, सांगता येत नाही.

निश्चय: बारा दिवसांत स्ट्रॅकनचं डोकं थंड करायचं.

२५ जून
सराव. सहाव्या होलवर त्याने सात नंबरचा क्लब गुडघ्यावर मोडला. मी म्हटलं, गेविन, शांत. तो म्हणाला, काका, तुम्ही बॅग धरा, अक्कल नको. मी शांतपणे त्याची कॉलर धरली. ती माझ्या हातात आली. हल्ली शिलाई कच्ची असते.

२७ जून
आज मुद्दाम न्यूबिगिंगचा खेळ बघायला गेलो. पात्रतेला आमच्या जोडीला तोच आहे. शांत शांत म्हणून सगळे त्याचे गोडवे गातात. चष्मा काढतो, पुसतो, घालतो. हातमोज्याची घडी करतो. क्लब तीनदा हवेत फिरवतो, मग चौथ्यांदा चेंडू मारतो. चेंडू सरळ जातो. पुढच्या होलवर परत सरळ. स्ट्रॅकन एका होलवर समुद्रात आणि पुढच्या होलवर एका फटक्यात झेंड्यापाशी. त्याला खेळ म्हणतात. हे तर घड्याळ दुरुस्त करणं झालं.

नवव्या होलपर्यंत मी सहन केलं. नंतर तिथला बाक जरा कलंडला. तिघांनी मिळून सरळ केला.

२९ जून, रविवार
नवी पद्धत. राग आला की दहा आकडे मोजायचे. स्ट्रॅकनने तीन मोजले आणि आठ नंबरचा क्लब ओढ्यात फेकला. मी बुटांसकट ओढ्यात उतरलो, क्लब काढला आणि त्याच क्लबने त्याच्या नडगीवर एक दिला. शिकवण म्हणून. तो लंगडत उभा राहिला आणि दहापर्यंत मोजले. मोठ्याने. पूर्ण दहा!

पद्धत लागू पडते.

१ जुलै
इफी, माझी बहीण, सकाळी लापशी ढवळताना म्हणाली, दादा, तू त्या पोराला मारतोस असं बेकरीत बोलतात. मी विचारलं, कोण बोलतं? ती म्हणाली, नाव सांगितलं तर तू बेकरीत जाशील. मी म्हटलं, मी कशाला जाईन?

गेलो. ब्रेडचा एक ट्रे पडला. फार नाही.

२ जुलै
आज स्ट्रॅकनने अठरा होल खेळून एकही क्लब मोडला नाही. चेंडू वाळूत गेला तरी नुसता बघत उभा राहिला. मी वाळूच्या खड्ड्याला लाथा घालत होतो, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, काका, तुमच्याकडे बघितलं की मला कळतं मी कसा दिसत असेन.

एवढं कौतुक मला आजवर कुणी केलं नाही.

४ जुलै, शुक्रवार
पहिला दिवस. स्ट्रॅकनचे एकोणसत्तर फटके, न्यूबिगिंगचेही एकोणसत्तर. स्ट्रॅकन कोकरासारखा. अकराव्या होलवर एक प्रेक्षक शिंकला. मी त्याला त्याच्याच छत्रीने समजावलं. पंच म्हणाले, पुन्हा केलंत तर मैदानाबाहेर काढू. स्ट्रॅकननेच माझ्यासाठी माफी मागितली. म्हणाला, म्हातारे आहेत, मनाचे चांगले आहेत. छत्री काही फार मोडली नव्हती.

उद्याचा निश्चय: आज केलं तेच करायचं. बदल काही नको.

५ जुलै, शनिवार
लिहितो. 

शेवटचा होल. स्ट्रॅकनचा चेंडू भोकापासून वीतभर. तो आत ढकलला की ओपन. पण आधी पाळी न्यूबिगिंगची, त्याचा चेंडू लांब होता. झेंडा काढून मी हातात धरून उभा.

चष्मा काढला. पुसला. घातला. भोकाभोवतीच्या हिरवळीला एक फेरी. बसला. उठला. परत चष्मा. माझ्या कानात काहीतरी वाजायला लागलं. मी दहा मोजले. शंभर मोजले. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, मिस्टर लॉर्मर, तुमची सावली जरा बाजूला घ्याल का? गडबड नाही, सावकाश.

सावकाश!

झेंडा खाली आपटला एवढंच आठवतं. काठी उसळली आणि स्ट्रॅकनच्या चेंडूवर गेली. चेंडू तीन हात लांब.

कॅडीने चेंडू हलवला की दंडाचा एक फटका खेळाडूच्या नावावर. पंचांनी चेंडू जागेवर ठेवायला लावला आणि एक फटका वाढवला. न्यूबिगिंगने त्यानंतर आपला चेंडू भोकात घातला. स्ट्रॅकननेही घातला. न्यूबिगिंग पात्र. स्ट्रॅकन एका फटक्याने बाहेर.

स्ट्रॅकन डोळे मिटून उभा. मोजत होता. मी म्हटलं, पोरा, मार मला, फेक काहीतरी! तो म्हणाला, राहू दे काका, लागलं नाही ना तुम्हाला?

मग न्यूबिगिंग माझ्याकडे आला. चष्मा काढून खिशात ठेवला. हातमोज्याची घडी केली. हात तीनदा हवेत फिरवला, आणि चौथ्यांदा माझ्या जबड्यावर. सरळ गेला.

८ जुलै
स्ट्रॅकन ओपनला गेला. न्यूबिगिंगची बॅग घेऊन. न्यूबिगिंगच्या कॅडीची पाठ धरलीय, म्हणून न्यूबिगिंगने विचारलं आणि हा लगेच हो म्हणाला. सकाळच्या बसने गेले दोघं. इफी स्टॉपवर होती. म्हणाली, दादा, किती हसत होते रे.

मला कुणी विचारलं नाही. मी मोकळाच होतो, दारातच उभा होतो. जबडा बांधलेला होता पण खांदे ठीक आहेत.

बारा दिवसांत स्ट्रॅकन एवढा थंड कसा झाला, हे त्यांना कुणी विचारलं तर त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. देणार नाही. इफीला नाही, सेक्रेटरीला नाही, या वहीलाही नाही. एक शब्दही नाही.