पांढरकवड्यात स्वीडन

पांढरकवडा
ता. २३ एप्रिल १९६३

तीर्थस्वरूप दादासाहेब यांना अनंताचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा आता बरा असावा. आपला दमा नागपूरच्या धुळीत कसा आहे ते कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

दिवाळीत भाऊबीजेला आपण सुचित्राला ते स्वीडनचे रंगीत मासिक दिलेत, तेव्हापासून मला घरात बसायला जागा नाही. त्यातल्या खोल्या पांढऱ्याशुभ्र, सामान जवळजवळ नाही, खिडक्या उघड्या आणि कोपऱ्यात बरणीत एक वाळकी काडी. (मासिक माहेरचे, त्यामुळे मला बोलायची सोय नाही.) तिने भिंतींना चुना मारून घेतला, खिडक्यांवरच्या वाळ्याच्या ताट्या काढल्या. त्या देशात महिनोन्‌महिने ऊन दिसत नाही म्हणून ते लोक उजेड घरात घेतात; आमच्याकडे ऊन सकाळी आठलाच आत येते आणि मी त्याच्यापुढे या खोलीतून त्या खोलीत सरकत राहतो. खुर्ची युनूस मिस्त्रीने चित्र बघून केली. चित्रात चौथा पाय कुंडीमागे गेलेला, म्हणून तिला पाय तीन. "फोटोत तीनच दिसून राह्यले साहेब, चौथा मी मनानं कायले लावू?" असे त्याने मलाच विचारले. तेव्हापासून मी चहा उभ्याने पितो.

एवढ्यावर भागले असते. पण परवा रविवारी तिने कपाट, पलंग, झुलायची बंगई, पितळेचे हंडे, माझ्या वडिलांची तसबीरसुद्धा बैलगाडीत घालून युनूसच्या वखारीत ठेवायला पाठवली. गाडी भर बाजारातून गेली आणि मागून मी, हातात कंदील धरून. (गाडीत काच फुटली असती.) सरकारी नोकर सामानामागे असा चालला की या गावात त्याचा एकच अर्थ होतो: बदली. माझे शेतकी खात्याचे ऑफिस एकट्याचे, हुकूम आलेला नाही हे सांगायला दुसरे कोणी नाही. संध्याकाळी घरमालक निजामुद्दीन शेठ आले आणि रिकाम्या पांढऱ्या खोल्या पाहून दारातच थांबले. "लई भाडेकरू पाह्यले जी, पन जाताना घराले चुना मारून जानारे तुमीच!" म्हणत ते आत आले. मी खरे सांगायला तोंड उघडले, तर त्यांनी मिठी मारली. मिठीतून सुटलो तोवर एक तारखेपासून घर नव्या डॉक्टरांना देऊन झाले होते.

तरी सकाळी जाऊन सांगणारच होतो. पण सोमवारी सकाळीच वाचनालयात मला निरोप दिला, हार घातला, शाल पांघरली. दादासाहेब, खोटे कशाला बोलू, अकरा वर्षांत माझ्याबद्दल या गावात चांगला शब्द मी ऐकला नव्हता. काल सात जण बोलले. मला रोज कमी तोलून देणाऱ्या भाजीवाल्या जैनबबीने "आता भावासाठी भांडू कोनासंगं?" म्हणून पदर डोळ्यांना लावला. मला रडू आले. त्यात "मी कुठेच जात नाही" हे सांगायचे राहिले, आणि शाल घेतल्यावर ते सांगता येत नाही. घर आठ दिवसांत जाणार, दुसरे मिळत नाही. आणि सुचित्रा म्हणते, कोपऱ्यात आणखी एक काडी हवी.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला
अनंत

ता. क. आपण आमच्याच खात्यात वरच्या जागी आहात. "तुमची बदली मोठ्या खटपटीने रद्द करवली" एवढे लिहून पाठवावे. पाकिटात नको, उघड्या कार्डावर. आमचा पोस्टमन धरमसिंग कार्ड वाचल्याशिवाय पोचवत नाही, आणि माझ्या आधी बाजाराला सांगतो. घर वाचेल.

आणखी एक ता. क. कार्ड मात्र सोमवारच्या आधी टाकू नये. शेजारचे वामनराव तीन वर्षे माझ्याशी बोलत नाहीत. (भांडण कशावरून झाले ते मला आठवत नाही, त्यांनाही आठवत नसावे.) आज कुंपणावरून म्हणाले, "जाऊन राह्यले म्हंतेत. रविवारी येतो, चहा ठेवजा." सोमवारचे कार्ड इथे एक तारखेलाच पोचेल, तोवर डॉक्टरांचे सामान दारात आलेले असेल. येऊ द्या. वामनराव राहणाऱ्या माणसाकडे येणार नाहीत.