छपराआधी वेदी

ती. ताईस धाकट्याचा दंडवत. आशीर्वादाऐवजी धपका आला तरी गोड मानून घेईन.

पडलेल्या घराचं नवं छप्पर होईपर्यंत येऊ नकोस, असं लिहिलंस. आईच्या खोकल्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हणजे वाढलाय ना?

शेजारचे ज्यू घड्याळजी सांगत होते, त्यांच्या पूर्वजांची परमुलखातली हद्दपारी संपली तेव्हा बरेच जण तिकडेच राहिले. माझ्यासारखेच, परगावी बस्तान बसलेले. जे परतले त्यांना गावात नुसते ढिगारे दिसले. त्यांनी देवळाच्या भिंतींआधी वेदी रचली आणि उघड्यावरच उपासना सुरू केली.

"आसपासच्या लोकांची भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की! म्हणून तर आधी वेदी."

पाठशाळेत एवढी सूत्रं घोकली, पण इतकं सुटसुटीत एकही नव्हतं.

मी निघतोय. झोपायची सोय कुठे, म्हणून त्रागा करू नकोस. आईच्या खाटेशेजारी जागा असेलच.

तुझा,
पन्नाशीतला धाकटा