मोठ्याने वाचायचं पत्र

मंगळवार, दुपारची सुट्टी

ताई,

साष्टांग नमस्कार. मनातल्या मनातच घालतो, कारण इथली फरशी आत्ताच फिनेलने पुसलीय. पोटातलं पाहुणं लाथा मारायला लागलं म्हणालीस. मामावर गेलंय, एका जागी बसायचं नाही.

फोनवर जीभ घसरते, म्हणून लिहितोय. मी सरकारी दवाखान्यात लागलोय. हसू नकोस. डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. एचआयव्हीची तपासणी करायला येणाऱ्यांशी आधी आणि नंतर बोलायचं, एवढंच काम. त्याला समुपदेशक म्हणतात. हा शब्द धड लिहिता येईपर्यंत माझं ट्रेनिंग संपलं. खोली म्हणजे पूर्वी कापसाचे गठ्ठे ठेवायची जागा. दाराला नुसता पडदा, म्हणून आतलं बोलणं बाहेर जाऊ नये यासाठी पंखा मुद्दाम खडखडता ठेवलाय. मिस्त्री दुरुस्तीला आला तर मोठ्या बाईंनी त्याला हाकलून दिला.

मोठ्या बाई माझ्या वरच्या. "भिंगरी, खुर्चीशी तुझं वाकडं आहे का रे?" असं दिवसभर चालतं. (तू ठेवलेलं नाव मीच सांगून बसलो.) त्यांना स्वतःला हा आजार आहे. दिवस गेले तेव्हाच कळलं, वेळेत गोळ्या सुरू झाल्या, पोरगी त्यातून सुटली. आता शाळेत मारामाऱ्या करते.

बघ, भरकटलो. पण ही पोरगी लक्षात ठेव.

आम्ही नावाने हाक मारत नाही, नंबर पुकारतो. गेल्या आठवड्यात मी नंबर पुकारला आणि पडदा सारून आत आला तो माणूस माझ्या ओळखीचा. लोक आपलं गाव टाळून मुद्दाम लांब येतात, ओळखीचं कुत्रंही भेटू नये म्हणून. मी इथे असेन हे त्याच्या स्वप्नातही नसणार. पडदा हातात धरून तसाच थिजला. म्हटलं, "दुसऱ्या कुणाला बोलावू का?"

"राहू दे. आता कुठे जाऊ?"

निकाल मीच सांगितला. गोळ्या फुकट मिळतात, रोज घेतल्या की माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, हे सगळं शिकवल्यासारखं बोललो. त्याने एकच विचारलं, "घरी सांगशील?"

"नाही. तुम्ही सांगा."

"सांगतो," म्हणाला. टोपी विसरून गेला, परत आला, माझ्याकडे न बघता उचलून नेली.

तो कोण, ते विचारू नकोस. कुणाचं नाव बाहेर सांगणार नाही, अशी सही केलीय मी. नोकरी जाईल म्हणून नव्हे गं, नोकऱ्या मी चपलांसारख्या बदलल्यात. पण पडद्याआडचं एकदा बाहेर गेलं, तर उद्या नंबर पुकारल्यावर उठेल कोण?

परवा तू म्हणालीस, भाऊजी बाहेरगावी जाऊन आल्यापासून धड जेवत नाहीत, पाठ करून झोपतात.

आणि रक्त तपासायला गेलीस ती रांग बघून परत आलीस म्हणे! ताई, गरोदर बाईची ही एचआयव्हीची तपासणी त्यातच असते. उद्याच जा. पाय दुखले तर रांगेत फतकल मारून बस, पण करून घे. एकटी जाऊ नकोस. बोलावलंस तर मी मिळेल त्या गाडीने येतो.

माझी पत्रं तू जेवताना भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवतेस. हेही तसंच वाच, काही गाळू नकोस. पुढचं तर मुळीच नाही:

भाऊजी, ‘सांगतो’ म्हणायचं आणि दिवस ढकलायचे, असं करणारे मी रोज बघतो. बाळ थांबणार नाही. उद्या तुम्ही ताईबरोबर जा.

एवढं वाचलंस की पत्र खाली ठेव, ताई. तू काही बोलू नकोस. आधी त्यांना बोलू दे.

तुझा, आणि अजूनही त्यांचाही,
भिंगरी