नवीन मॉडेलचं वजन

३ ऑगस्ट, सकाळ
आजपासून रोजनिशी. आईने काल शेवटचं सांगितलं. यंदाच्या गणपतीत माझा ॲम्प्लिफायर चालला नाही तर वडिलांचा गाळा अक्षताला, ब्यूटी पार्लरसाठी. अक्षता माझी धाकटी बहीण. तिच्याकडे कोर्स आहे, गिऱ्हाईक आहे. दूरदृष्टी नाही.

६ ऑगस्ट
माझ्या 'संघर्ष ऑडिओ' कंपनीचं नवीन मॉडेल तयार. वडिलांचा ॲम्प्लिफायर उचलायला दोघे लागत. तरी जिल्ह्यातली भजनी मंडळं रांग लावून नेत. माझा तेवढ्याच ताकदीचा, पण सर्किट नवीन, एका हातात येतो. आता रांग आवरायची कशी, हा विचार.

९ ऑगस्ट
गणपती बसवणाऱ्या तालमीचे अध्यक्ष विजयसिंह आले. आमच्या शिवाजी पेठेत ॲम्प्लिफायर ऐकून घेत नाहीत, उचलून घेतात. त्यांनी एका हाताने उचलला आणि पोरांना विचारलं, आत काय हाय का नुसता डबा हाय? मी तांत्रिक खुलासा केला. ते म्हणाले, खुलासा घरात ठेव, तुझ्या बापाचा उचलताना कंबर धरायची.
गिऱ्हाईकाला शहाणं करणं ही पुढची योजना. तूर्त वजन.

१२ ऑगस्ट
आत एक दगड बसवला. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी घट्ट. याला फसवणूक म्हणत नाहीत, बॅलन्सिंग म्हणतात.

१३ ऑगस्ट
आई सकाळपासून वरवंटा शोधते आहे. ठेचा कशानं वाटू म्हणते. घरात मिक्सर असताना! कामात व्यत्यय.

१५ ऑगस्ट
विजयसिंहांनी उचलला. चेहरा लाल. हां, आत्ता कसं, म्हणाले. विसर्जन मिरवणुकीला माझाच. आईलाही मान्य : चालला तर गाळा माझा.
अक्षताने आरसे आणून ठेवले होते. परत कर म्हटलं. दुकानदार परत घेत न्हाय म्हणून रडली. धंद्यात भावना नको.

६ सप्टेंबर, दुपार ४
ट्रॉली निघाली. आवाज दणदणीत. मोठ्या कारखान्याचा विचार सुरू. जागा जयसिंगपूरला बघावी.

६ सप्टेंबर, संध्याकाळ ६
खड्डा. पट्टी तुटली, दगड आतल्या आत घरंगळला, सर्किटचा भुगा. खड्डा माझ्या अखत्यारीत येत नाही.
मागच्या मंडळाने मुद्दाम आवाज वाढवला. विजयसिंहांनी भररस्त्यात झाकण उघडलं, वरवंटा डोक्यावर धरून नाचवला आणि ओरडले, शालनमावशी, तुमचा वरवंटा घावला की! पेठ हसली. गर्दीतून आई आली. वरवंटा घेतला, पदराने पुसला, घरी गेली. माझ्याकडे बघितलं नाही. बहुधा गर्दीत दिसलो नसेन.
एक म्हातारे म्हणाले, अण्णासोचं पोरगं म्हणून घेतला रं. म्हणजे वडिलांचं नाव बाजारात अजून आहे. जमेची बाजू.

७ सप्टेंबर
फोन आला नाही. बाजार माझ्या पुढच्या मॉडेलची वाट बघतो आहे.

२ ऑक्टोबर
दसरा. पार्लर सुरू झालं. आरसे कामी आले. वडिलांच्या कामाच्या टेबलावर आता बायका आडव्या होऊन फेशियल करून घेतात. फक्त महिलांसाठी असल्याने मला आत प्रवेश नाही. कंपनीचं कार्यालय तात्पुरतं बाहेरच्या पायरीवर.

६ ऑक्टोबर
अक्षता म्हणाली, दादा, हितं बसू नकोस, बायका बिचकत्यात. कार्यालय समोरच्या पायरीवर हलवलं. इथे सावली जास्त.
दुपारी आई जेवणाचा डबा घेऊन आली. एकच होता. पार्लरमध्ये गेली.