वरच्या घरातली ठकठक

खुर्सीपार, भिलाई
१८ नोव्हेंबर १९८३

प्रिय कलाताईले,
रमाचा वाकून नमस्कार. आम्ही चौघं खुशाल आहो. थंडी पडली, तू पाठवलेल्या गोधडीत पोरी सुखानं निजतात. भाऊजींचा खोकला कसा आहे?

आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये बाबुलाल अन् त्याची म्हातारी आई राहत. म्हातारी रोज सकाळी खलबत्त्यात मिरच्या कुटे. पोरींच्या बाबाची नाईट ड्युटी, झोप दिवसाचीच. मागच्या महिन्यात हे वर जाऊन तिच्यावर ओरडले, मीही जिन्यातून नाही नाही ते बोलली. तेव्हापासून कुटणं बंद झालं अन् बोलणंही.

सोमवारी पोरी शाळेत होत्या, हे झोपले होते. वरून काहीतरी धपकन पडलं अन् मग फरशीवर ठकठक सुरू झाली. मले वाटलं, म्हातारी मुद्दाम करून राहिली. ठकठक हळूहळू मंद होत थांबली. मले बरं वाटलं, ताई.

तीन वाजता बाबुलाल ड्युटीवरून आला. त्याचं ओरडणं ऐकून मी वर धावली. म्हातारी मोरीजवळ पडली होती, मुठीत पितळेची वाटी होती. अंग थंड झालं होतं.

"भाभी, आपको कुछ सुनाई नहीं दिया?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "नहीं."

पोरींच्या बाबालेही मी खरं सांगितलं नाही. काल बाबुलाल तेरवीचं बोलावणं द्यायले आला. "मां आपके घर की नींद का बहुत खयाल रखती थी," म्हणाला अन् हात जोडून गेला.

जेवायले जाऊ का नको, तूच लिही. हे पत्र वाचून फाडून टाकजो.

तुझी धाकटी,
रमा