छत्री कुणाची

प्रिय अहो,

आई बऱ्या आहेत. गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. मी परीक्षा देऊन आले हे भाजीवालीपासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय.

तुमच्याकडे यायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि माझं घोडं अडलं होतं कुठली वस्तू कुठे आहे हे सांगण्यापाशी. ‘ऑन’ म्हणावं तिथे ‘इन’, ‘इन’ तिथे ‘अंडर’. मग तुम्हीच युक्ती काढलीत. खोलीत उभं राहून, दिसेल ते बोलून, रेकॉर्ड करून पाठवायला लागलात. माय कप इज ऑन द टेबल. हर अंब्रेला इज बिहाइंड द डोअर. हर स्लिपर्स आर अंडर द बेड. भांडी घासताना मी तेच लावून ठेवायची. किती सुखात होते मी.

त्या ‘हर’चा अर्थ मी माझा लावला होता. खोलीत सोबतीला एक मित्र राहतो, असं तुम्हीच सांगितलेलं. म्हणजे छत्री त्याची, चप्पल त्याची. छत्री ती, चप्पल ती, म्हणून ‘हर’. आपल्याकडे नाही का, त्याचा कप पण त्याची छत्री? हा नियम स्वतः शोधल्याचा मला केवढा तोरा होता.

मग इंग्रजीच्या वर्गात मी लिहिलं, माय ब्रदर इज इन हर रूम. खोली ती ना. बाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, अगं, इंग्रजीत वस्तू बघायची नसते, मालक बघायचा. पुरुष असेल तर ‘हिज’, बाई असेल तर ‘हर’. वर्ग हसला, मीही हसले, आणि हसता हसता मला तुमच्या दारामागची छत्री आठवली.

घरी येऊन सगळं पुन्हा ऐकलं. हर पिलो इज नेक्स्ट टू माय पिलो. हे मी पाठ केलं होतं हो. आईंना म्हणून दाखवलं होतं, त्यांनी कौतुकानं मान डोलावली होती. मराठीत तुम्ही सफाईनं खोटं बोललात. इंग्रजीत ‘बिहाइंड’ की ‘बिसाइड’ या गडबडीत खोटं बोलायचं राहूनच गेलं. तेही एक वेळ समजून घेतलं असतं. पण हेच वाक्य मी फोनवर तुम्हाला म्हणून दाखवलं, तेव्हा तुम्ही जरा गप्प झालात आणि मग ‘छान’ म्हणालात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं, आणि मला कळत नाही हेही कळलं होतं. तुमचं ते ‘छान’ मला सगळ्यात जास्त लागलंय.

आज निकाल आला. मी पास झाले. आई शेजारणीला सांगतायत, सून निघाली. निघणारच आहे, पण माहेरी. का, ते मी त्यांना सांगणार नाही. त्यांनी मला लेकीसारखं वागवलं, त्यांच्या मुलाबद्दल हे माझ्या तोंडून नको. म्हणून हे पत्र. पोचलं की फोन करा आणि तुम्हीच सांगा, मराठीत, न लपवता. तोवर मी त्यांच्याजवळ थांबते.

खाली ‘तुमचीच’ लिहायला हात धजत नाही.

मी