वायपीची डावी बाजू

१४ नोव्हेंबर १९९९

खोका आला! माझ्या भावानं, दौलतनं, हैदराबादहून बसमध्ये मांडीवर धरून आणला. त्याच्या कंपनीतला जर्मन साहेब मायदेशी जाताना देऊन गेला. आत रेल्वेचं इंजिन, सुट्या भागांत. एकशे बारा तुकडे. मी मोजले.

माहितीचा कागद जर्मन. बाबांनी तो घडी करून आईकडे दिला. "हे चुलीले ठेव."

दौलत म्हणाला, झाकणावर चित्र आहे, तसं जोडा. बाबा एक चाक दोन बोटांत धरून बघत होते. सत्तावीस वर्षं फावड्यानं कोळसा मारलेली बोटं.

"हे आपलं नाई," ते म्हणाले. "याची मी वायपी करीन."

वायपी म्हणजे आपल्या लाइनीवरचं मीटरगेजचं पॅसेंजर इंजिन. बाबा त्यावर फायरमन होते. आता ती सगळी भंगारात गेली.

१६ नोव्हेंबर

जर्मन इंजिनाला पुढे दोन बफर, म्हणजे धक्का झेलणारे दट्टे, असतात. आपल्या गाडीला मधोमध एकच. बाबांनी दोन्ही कानशीनं घासून टाकले. दौलतला फोनवर सांगितलं तर तो हळहळला. इतकी महागाची वस्तू!

पुढची जाळी छत्रीच्या काड्यांची. हेडलाइट बामच्या डबीचं झाकण. पाइपांसाठी जळालेल्या पंख्याची तार उकलली. शाळेत शिकवून आले की माझं काम तार सरळ करण्याचं.

१७ नोव्हेंबर

तार.

२१ नोव्हेंबर

निर्मलला गेलो, बाबा आणि मी. खोक्यातली, इंजिनामागची कोळशाची गाडी लहान पडते — वायपीची मोठी असते. खेळणी करणाऱ्या एका कारागिराला बाबांनी मापं सांगितली. बाबांची हिंदी, त्याची तेलुगू, मध्ये मी. त्यानं हलक्या लाकडाचा ठोकळा घेतला आणि तासाभरात कोरून दिला. वर हरणं काढू का, म्हणाला. जोडी, एकमेकांकडे बघणारी. पैसे नकोत.

बाबांनी ठोकळा हातात फिरवून बघितला. मला वाटलं, हो म्हणतात. पण नको म्हणाले.

२३ नोव्हेंबर

कोळसा मी आईच्या खलबत्त्यात कुटला.  संध्याकाळी चहा फक्त बाबांना मिळाला.

२८ नोव्हेंबर

उजवी बाजू झाली. बाबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तरी एक पाइप चुकला नाही. कुठे वाकतो, कुठे शिरतो, सगळं बोटांना ठाऊक. मी कथलाचा डाग देते, ते धरतात. भाजलं तरी सोडत नाहीत.

मध्येच म्हणाले, "तुह्या हातात फावडं देलं असतं तं तू चांगली फायरमन झाली असती." एम. ए. झाले तेव्हाही एवढं म्हणाले नव्हते.

३ डिसेंबर

डावी बाजूही जोडून झाली. बाबा बघत राहिले. इंजिन फिरवलं, पुन्हा फिरवलं.

मला सुंदरच दिसत होतं. बाबा म्हणाले, "बोगस हाय."

काय चुकलं ते सांगता येईना. उजवीकडे जे होतं तेच त्यांनी डावीकडे उलटं करून लावलं होतं. आपल्याकडे इंजिनात ड्रायव्हर डावीकडे, फायरमन उजवीकडे. बाबा चढले उजवीकडून, उतरले उजवीकडून, डोकं बाहेर काढलं ते उजवीकडे. डावीकडचं रोज पाहिलं, पण हात कधी लावला नाही. तो मान ड्रायव्हरचा.

४ डिसेंबर

डावी बाजू बाबांनी उपटून टाकली.

६ डिसेंबर

विहारात गेलो. बाबा मेणबत्ती धरून बाकी लोकांपेक्षा जास्त वेळ उभे. घरी आल्यावर इंजिनाकडे गेले नाहीत.

७ डिसेंबर

थंडी फार. शेगडीजवळ बसून बाबा म्हणाले, "केशवरावले एक कार्ड टाकशील काय?"

आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची थांबली.

केशवराव बाबांचे ड्रायव्हर. अकरा वर्षं एका इंजिनावर. एक्क्याऐंशी साली एका फाटकावर इंजिनापुढे बैलगाडी आली. दोन्ही बैल गेले, गाडीवान वाचला. चौकशी झाली. केशवरावांनी जबाब लिहून दिला. त्यांना यार्डात डबे ओढायला, शंटिंगवर टाकलं, आणि बाबा शेवटपर्यंत फायरमनच राहिले. बाबांची बढती त्या जबाबानं खाल्ली, असं घरात बोललं जायचं. आई बोलायची. नंतर मीही. बाबांनी कधी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

अठरा वर्षं त्या माणसाशी या घराचं बोलणं नाही. आणि वायपीची डावी बाजू त्याच्याच डोक्यात आहे.

८ डिसेंबर

कार्ड लिहिलं नाही.

९ डिसेंबर

नाही.

बाबा काही विचारत नाहीत. इंजिन डावी कूस भिंतीकडे करून ठेवलंय. आल्यागेल्याला फक्त उजवी बाजू दिसावी म्हणून. शेजारच्या बयनाबाई वाहवा करून गेल्या. बाबा हसले नाहीत.

१० डिसेंबर

लिहिलं. "बाबा वायपी करत आहेत. डावी बाजू त्यांना येत नाही." खाली माझं नाव. नमस्कार लिहिला नाही. पत्ता आईनं सांगितला — बोथ गाव, बाजारात त्यांच्या मुलाचं बियाण्यांचं दुकान. तिला तो पाठ कसा, मी विचारलं नाही.

१९ डिसेंबर

उत्तर आलं नाही. केशवरावच आले!

सकाळच्या बसनं. धोतर, कानटोपी, हातात भेंडीच्या बियांची पुडी. दारात उभे राहिले. बाबाही उभे. 

"या, डायवर साहेब," बाबा म्हणाले.

"गाडी दाखव आधी."

बाबांनी इंजिन दिलं. डाव्या अंगाला डागाच्या खुणा तशाच होत्या. केशवरावांनी त्यावर अंगठा फिरवला. "अबे चंपत, दोनी बाजूनं फायरमनच बसवले होते काय तुनं? मंग गाडी कोन चालवत होतं, तुहा बाप?"

बाबा हसायला लागले. मी त्यांना असं हसताना... आठवत नाही. आई स्वयंपाकघरात गेली ती आतच राहिली. केशवरावांनी बाहेरूनच सांगितलं, "वयनी, चहात साखर टाकू नका, डाक्टर मारते मले." चहा आला. गोड होता. त्यांनी प्यायला.

मापं त्यांना आकड्यांत येत नाहीत. शेवटी ते आईच्या पत्र्याच्या पेटीवर बसले, डावं कोपर खिडकीत टेकल्यासारखं. डोळे मिटले. हात पुढे गेला. "इथं रेगुलेटर. याच्याखाली बिरिक. हे चाक रिव्हर्सचं, इथून दांडी बाहेर निघते, लांब, सिलिंडरकडं." मी पेन्सिलीनं रेगुलेटर, ब्रेक, दांडी उतरवत होते. तेवढ्यात बाबा उठून त्यांच्या उजवीकडे येऊन बसले. पोत्यावर. कुणी सांगितलं नव्हतं.

"चढ हाय," केशवराव म्हणाले, डोळे मिटूनच.

"मारतो," बाबा म्हणाले.

मी पेन्सिल खाली ठेवली. दोघं तसेच बसून होते, अंगणात, पुढे तोंड करून. आई दारात येऊन उभी राहिली होती.

२० डिसेंबर

केशवराव रात्री इथेच राहिले. दांडीसाठी सायकलचा स्पोक. दुपारी डावी बाजू पूर्ण झाली. आता दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि म्हणूनच बरोबर आहेत. केशवराव म्हणाले, पांढरी पट्टी चाकांना मी मारीन.  बाबांनी आधाराला त्यांचं मनगट धरलं. एका चाकाची पट्टी वाकडी गेली. तशीच ठेवली.

इंजिन घेऊन जा, बाबा म्हणाले. केशवरावांनी नको म्हणून मान हलवली. "दुकानात पोट्टे मोडून टाकतीन."

मी स्टँडवर सोडायला गेले. तोवर राग कुठे ठेवावा ते मला कळत नव्हतं. विचारलंच — काका, जबाबात काय लिहिलं होतं तुम्ही?



"अठरा वर्सांत तुह्या बापानं सांगतलं नाई?"

नाही म्हटलं.

"मंग मी काऊन सांगू? त्याले विचार. नाई सांगतलं तं सोडून दे, पोरी. वायपी चांगली झाली."

२२ डिसेंबर

विचारलं नाही. शाळेत सहामाहीचे पेपर तपासले. बेचाळीस मुलांनी 'माझा आवडता सण' लिहिलाय.

२४ डिसेंबर

विचारलं. बाबा चाकांना तेल देत राहिले.

२६ डिसेंबर

दुपारी अंगणात तिघं. बाबांनी फडकं बाजूला ठेवलं.

"फाटक माह्या बाजूनं होतं," ते म्हणाले. "तिकडं पाह्यचं काम माहं. मी झोपलो होतो, बसल्याबसल्या. केशवरावनं लिहून देलं का फायरमननं आवाज देला, डायवरनंच बिरिक उशिरा मारला. बढतीच्या परीक्षेले मी बसलोच नाई. कोनी अडवलं नव्हतं."

आई डाळ निवडत होती. सूप मांडीवर तसंच राहिलं.

"त्याची बायको गेली तवा मी दारापर्यंतबी गेली नाई," ती म्हणाली. बाबांना नाही. सुपाला.

मग बोथची पहिली बस किती वाजता, ते तिनं मला विचारलं.